कै. खुळखुळे आण्णा

२८ जानेवारी, बुधवार

खुळखुळ, खुळखुळ, मग एकदम सळ्ळ करून सगळं गप्प. आणि पुन्हा खुळखुळ.

हा आवाज साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा. पेठ वडगावच्या आमच्या शाळेच्या खिडकीबाहेर एक शिरिषाचं झाड होतं. थंडी सरत आली की त्याची पानं झडून जायची आणि वाळक्या शेंगा तेवढ्या लटकत राहायच्या. वारा आला की आतल्या बिया वाजायच्या. मी बाकाशेजारी उभा राहून कविता म्हणायचो, वर्ग जांभया द्यायचा, आणि बाहेर ते झाड टाळ्या वाजवायचं. इतकं मन लावून ऐकणारा श्रोता मला पुढं आयुष्यात भेटला नाही. यात माझी बायको त्रिशलाही आली.

आज हा आवाज पुन्हा ऐकला. रोहिणीनं बोलावलं होतं. कबनूरच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली पोर, आता इथं कोल्हापुरात मुख्याध्यापिका आहे. म्हणाली, "सर, दर शनिवारी शेवटचे दोन तास सातवी ब तुमच्या ताब्यात देते. वर्गाबाहेर न्यायचं, झाडं दाखवायची, खेळ घ्यायचे. निसर्गशिक्षण."

मी म्हणणार होतो की, बाई, मी मराठीचा मास्तर, मला झाडातलं काय कळतं? तेवढ्यात तिच्या खिडकीबाहेर खुळखुळलं. पटांगणाच्या मधोमध शिरीष! तस्साच!

"कधीपासून येऊ?" मी विचारलं.

घरी सांगितलं तर त्रिशला म्हणाली, "तुम्हाला कोथिंबीर आणायला पाठवलं तर शेपू घेऊन येता. तुम्ही पोरांना झाडं शिकवणार?"

तिला काव्यदृष्टी नाही. तो तिचा दोष नाही.

३१ जानेवारी, शनिवार

पहिला तास. मिश्र यश.

पटांगणात शिरीष, एक कडुलिंब आणि कुंपणाशी ओळीनं उभे असलेले उंच अशोक. मी अशोकापासून सुरुवात केली. जुन्या काव्यात सांगितलंय, सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला की अशोक बहरतो. हे मी अगदी हळुवारपणे, अर्धे डोळे मिटून सांगितलं. डोळे उघडले तर वर्गातल्या सगळ्या मुली रांग लावून अशोकाला लाथा घालत होत्या.

त्यात वर्षाराणी नावाची एक मुलगी आहे. शाळेच्या फुटबॉल टीमची गोलकीपर, आवाज तालमीतल्या वस्तादासारखा. तिनं मागं सरून पळत येऊन अशी घातली की झाड मुळापासून थरथरलं.

"सर, फूल कधी येणार?"

"वसंतात, बाळ."

"मग सुंदर न्हाय का मी?"

यावर कोणतंही उत्तर धोक्याचंच. मी सगळ्यांना कडुलिंबाकडं वळवलं.

पानं गोळा करायची होती. आज चतुर्दशी. आमच्या जैन घरी आज हिरवं पान चिरत नाहीत, मग झाडावरचं तोडायचं तरी कसं? म्हटलं, फक्त खाली पडलेली पानं घ्या. पाच मिनिटांनी पाहतो तर पिराजी नावाचा मुलगा फांदीवर चढून ती गदागदा हलवतोय.

"अरे, पडलेली म्हटलं ना मी!"

"पाडतोय की सर! खाली गेली म्हंजी पडलेलीच!"

दोन पालकांचे फोन आले. झाडाला लाथ मारताना मुलीचा पाय मुरगळला, हा गृहपाठ कुठल्या पुस्तकात आहे, असं विचारत होते. शिवाय रोहिणी म्हणाली, तो काव्यातला अशोक नव्हेच. हा शोभेचा, वेगळा. आता हे मुलींना सांगणं मला जिवावर आलंय.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज डोळे बांधून झाड ओळखण्याचा खेळ. रोहिणीनं दिलेला. एकानं दुसऱ्याचे डोळे रुमालानं बांधायचे, फिरवून फिरवून एका झाडाशी न्यायचं. त्यानं ते हातानं, गालानं, नाकानं ओळखून ठेवायचं. मग परत आणून रुमाल सोडायचा आणि म्हणायचं, आता सांग तुझं झाड कुठलं.

वर्षाराणीला शिरिषापाशी नेलं. तिनं खोडाला मिठी मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, बघ, एका लाथेपासून मिठीपर्यंतचा हा प्रवास! रुमाल सोडताच तिनं थेट शिरिषाकडं बोट केलं.

"कसं ओळखलंस? झाडाच्या हृदयाची धडधड ऐकू आली?"

"न्हाय सर. साल घासलीया एका जागी. दीड वर्ष तिथंच बॉल मारतोय मी. माझंच काम हाय ते."

मुलं त्या झाडाला "खुळखुळे आण्णा" म्हणतात. आण्णा म्हणजे सामन्याचे पंच. खोडाला चेंडू लागला तर आउट, शेंगा वाजल्या तर गोल. मी त्यांना सांगितलं की हे झाड कवितेला टाळ्या वाजवतं. पिराजी म्हणाला, "मग म्हणा की एक." मी म्हटली. वारा पडलेला होता. एक शेंग हलली नाही.

"आण्णानं आउट दिला सर," पिराजी म्हणाला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला हात उठत नाही.

तास चालू असताना पटांगणात पांढरी गाडी आली. संस्थेचे चेअरमन उदयसिंह इंगवले उतरले. पन्नाशीचे, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं गोड. चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर ज्यांचा हात जोडलेला फोटो असतो तेच हे. मागे एक माणूस टेप घेऊन. त्यानं पटांगण मोजलं.

"पोरांनो, इथं टर्फ होणार! हिरवंगार! रात्री लाइट! फुटबॉल!"

सातवी ब नं जो जल्लोष केला तो मी कुठल्याही कवितेला ऐकलेला नाही.

"आणि हे झाड?" मी विचारलं.

"ते गेलंय की सर. बघा, एक पान न्हाय. मेलेलंच हाय. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, रविवारी, मशीन लावून काढून टाकतो."

मी म्हणालो, "चेअरमनसाहेब, हे शिशिरातलं झाड आहे. झोपलंय. महिनाभरात पालवी फुटेल."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, मन मोठं करा. जाणारं जातंय."

रोहिणी माझ्याकडं बघेना. नंतर म्हणाली, "सर, माझी नोकरी त्यांच्या सहीवर आहे."

वारा सुटला होता. खुळखुळ चालू होती. मेलेल्या माणसाला असं बोलता येतं का?

१६ फेब्रुवारी, सोमवार

झाडाच्या तोंडून एक कविता लिहायला घेतली आहे. चेअरमनना समोर बसवून पूर्ण वाचून दाखवणार. दगडालाही पाझर फुटेल. पहिल्या दोन ओळी:

वाळल्या शेंगांत माझ्या वाजते आयुष्य सारे,
ऐकणारा एक नाही, वाहती नुसतेच वारे.

त्रिशलाला वाचून दाखवल्या. ती गुडघ्याला पट्टा बांधत होती. म्हणाली, "हे झाडाचं हाय का तुमचं?"

मग ती तिच्या गुडघ्याच्या व्यायामवर्गाला गेली. चेअरमनची आई बनाबाई तिथंच येते म्हणे. दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी. जाता जाता म्हणाली, "मी बनाबाईच्या कानावर घालू का?" मी स्पष्ट नको म्हणालो. हा काव्याचा आणि सत्तेचा सामना आहे. यात गुडघे नकोत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज मुलांना शिरिषाखाली बसवलं. म्हटलं, पुढच्या शनिवारनंतर हे झाड नसेल. आपल्या माणसाला निरोप देताना कवी शोकगीत लिहितात. तुम्हीही लिहा. आपल्या पद्धतीनं लिहा. मनापासून. (हे शब्द मुद्दाम नोंदवून ठेवतो. मी अगदी हेच म्हणालो.)

मग वर्षाराणी म्हणाली, "सर, टर्फवर आम्ही खेळायचं न्हाय म्हणं. बाहेरच्या टीमांना भाड्यानं देणार हाय. आमच्या पप्पांनी चौकशी केली."

"मग आम्ही कुठं खेळायचं?" पिराजी.

"रस्त्यावर."

"आणि पंच?"

सगळ्यांनी वर बघितलं. वारा नव्हता, तरी एक शेंग पडली, थेट पिराजीच्या डोक्यावर.

"सर," तो डोकं चोळत म्हणाला, "चेअरमन म्हणालं आण्णा गेलं. मग गेल्यावर जे करत्यात ते कुणीच केलं न्हाय की!"

किती कोवळं मन! मी माझ्या कवितेच्या पहिल्या दोन ओळी फळ्याविना, तोंडी सांगितल्या. पिराजीनं त्या उतरवून घेतल्या. वडिलांना दाखवतो म्हणाला. मुलांच्या घरापर्यंत कविता पोचते आहे. त्याच्या वडिलांचं चौकात कसलंसं छपाईचं दुकान आहे, म्हणजे घर सुसंस्कृतच असणार.

२५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या कवितेची बेचाळीस कडवी झाली. चेअरमनच्या ऑफिसात गेलो. ते मीटिंगमध्ये. बाहेर बसून राहिलो. शिपाई म्हणाला, "काय काम हाय, पावणं?" म्हटलं, कविता ऐकवायची आहे. तो आत गेला, बाहेर आला. म्हणाला, "साहेब म्हणत्यात, पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! ऐकायला झाड तरी असेल का?

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी दूधवाला ज्ञानू कॅन खाली ठेवून कपाळाला हात लावून उभा. "सर, कळलं का? चेअरमन गेलं."

"कुठं?"

"वर की! उदयसिंह दादा! चौकात फ्लेक्स लागलाय. काल संध्याकाळी चांगलं धडधाकट बघितलंतं मी. माणसाचं काय खरं न्हाय बघा."

मी चपला घालून चौकात गेलो. हॉटेलाचं शटर अर्धं खाली. पानवाल्यानं गाणी बंद केलेली. आणि वर, विजेच्या दोन खांबांना बांधलेला, बसएवढा फ्लेक्स:

भावपूर्ण श्रद्धांजली.

मधोमध उदयसिंह इंगवले. हात जोडलेले, हसतमुख, माणसाच्या दुप्पट उंचीचे. त्यांच्या मागं, ढगासारखं फिकट, एक वाळकं झाड. त्याच्याखाली बारीक अक्षरात, "शाळेचे आधारवड कै. खुळखुळे आण्णा यांचे दुःखद निधन." त्याखाली आणखी बारीक, "शोकाकुल: मा. उदयसिंह (दादा) इंगवले व समस्त सातवी ब. रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी नऊ वाजता, शाळेच्या पटांगणात." आणि तळाला माझ्या दोन ओळी.

मला पहिल्यांदा काय खटकलं ते प्रामाणिकपणे लिहितो. शिरीष हा वड नव्हे. त्याला आधारवड कसं म्हणता येईल? आणि माझ्या पहिल्याच ओळीत "शेंगांत"च्या जागी "शेंगा" छापलेलं. वृत्त तिथंच कोसळलं.

मग मागून एका म्हाताऱ्याचा हुंदका ऐकू आला आणि माझ्या लक्षात आलं की मोटारसायकलीवरून जाणारा माणूस बारीक अक्षर वाचत नाही. तो वरचा शब्द वाचतो आणि मधला फोटो बघतो.

शाळेच्या फाटकाशी पिराजी आणि वर्षाराणी भेटली. दोघांचे चेहरे अभिमानानं फुललेले.

"सर, बघितला? तुम्हीच म्हणालता, आपल्या पद्धतीनं!"

"अरे, पण चेअरमनचा फोटो कशाला?"

"दादांचा फोटो नसला तर ह्या चौकात फ्लेक्स ठेवत न्हाईत सर, उतरवत्यात," पिराजी म्हणाला. "पप्पांच्या कम्प्युटरला त्यांचा फोटो तयारच असतो. कुठलाबी फ्लेक्स उघडला की मधी येतोच."

"आणि रक्षाविसर्जन?"

"रविवारी कापणार म्हणल्यावर तिसऱ्या दिवशी मंगळवार येतोय की," वर्षाराणीनं बोटं मोजली. "भुसा गोळा करून पंचगंगेत सोडायचा. आम्ही टीमची जर्सी घालून येणार हाय."

पुढचं मला रोहिणीनं फोनवर सांगितलं. रडत होती की हसत, कळेना. चेअरमनच्या बंगल्यापुढं सात वाजल्यापासून माणसं. पांढऱ्या टोप्या, हार. बेल वाजली तशी चेअरमननी स्वतः दार उघडलं, कमरेला टॉवेल, तोंडात ब्रश. पुढं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पैलवानानं किंकाळी फोडली आणि हार टाकून पळाला. कागलहून निघालेली एक चुलत बहीण फाटकापासून गळा काढत आली. ती त्यांच्याच गळ्यात पडून, "दादा, असा कसा गेलास रं," म्हणून रडली आणि कितीतरी वेळ त्यांनी सांगूनही थांबेना. दुपारपर्यंत पलीकडच्या पेठेतल्या मंडळानं आणखी एक फ्लेक्स लावला. त्यात झाडही नव्हतं.

अकराला माझा फोन वाजला.

"मगदूम सर, हे पोरांना कुणी शिकवलं?" आवाजातला गोडवा गेला होता.

मागे रोहिणीची नोकरी, पुढं सातवी ब. मी म्हणालो, "मी. शोकगीत मीच लिहायला सांगितलं. मुलांचा आणि बाईंचा काही दोष नाही."

"ठीक हाय. उद्या सकाळी आठला मशीन येणार. बघतो कोण आडवं येतंय."

मी खुर्चीत बसून राहिलो. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की शब्दात सामर्थ्य असतं. एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

त्रिशला गहू निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "जित्या माणसाची मेल्याची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतंय म्हणत्यात. खरं का नाही?"

"अंधश्रद्धा आहे ती."

"असंल. तुम्ही घरातच ऱ्हावा." आणि गहू तसेच परातीत ठेवून ती व्यायामवर्गाला गेली. शनिवारी वर्ग नसतो असा माझा समज होता, बदलला असेल. दिवेलागणीला आली, गुडघा दुखत असूनही गुणगुणत होती. माझ्यावर एवढं संकट, आणि हिला गाणं सुचतंय! पन्नास वर्षं संसार करूनही माणूस कळत नाही.

उद्या मी झाडाला मिठी मारून उभा राहणार. बेचाळीस कडवी खिशात ठेवली आहेत. मशीनच्या आवाजात ऐकू येणार नाहीत. तरी वाचणार.

१ मार्च, रविवार

कविता कधी वाया जात नाही, याचा पुरावा आज माझ्या दारात चालत आला.

सहालाच पांढरा सदरा घालून तयार झालो. चपला शोधल्या, सापडेनात. त्रिशला म्हणाली, "मिळतील. आधी चहा घ्या."

"मशीन आठला येणार आहे!"

"घ्या म्हणते ना."

ओट्यावर चार कप मांडलेले. आम्ही माणसं दोन. वयोमानानं तिचा हिशेब चुकायला लागलाय, असं मनात आलं आणि वाईट वाटलं. इतक्यात बेल वाजली. म्हटलं, पोलीस. सदरा नीट केला, खिसा चाचपला, दार उघडलं.

दारात एक ठेंगणी म्हातारी. कपाळभर कुंकू, एका हातात काठी, दुसऱ्या हातात नारळ आणि खण. गुडघ्याला थेट त्रिशलाच्यासारखाच पट्टा. तिच्या मागं एक पायरी खाली उदयसिंह इंगवले. ना गाडी, ना माणसं. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली, आणि नजर त्या बादलीत.

"तुम्हीच का मगदूम मास्तर?" म्हातारीनं विचारलं. "मी बनाबाई. ह्याची आई."

मी नमस्कार केला. चेअरमन बादलीशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मशीनवाल्याला काल सांजचंच नको म्हणून सांगितलंय, सर. आई जेवंना. टर्फ काय... बघू गावाबाहेर कुठं जागा मिळाली तर."

माझ्या दोन ओळी एका आईच्या काळजाला भिडल्या होत्या! मी खिशात हात घातला. "बाई, उरलेली एक्केचाळीस कडवीही आहेत. फ्लेक्सवर पहिली ओळ जरा चुकीची छापली गेली, ती आधी शुद्ध करून—"

"ती कविता व्हय? मला मेलीला वाचाय येतंय कुठं!" बनाबाई म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावली. त्रिशला चहाचं भांडं घेऊन उभी होती. दोघींनी एकमेकींकडं बघून मान हलवली, व्यायामवर्गातली ओळख असते तेवढीच.

"माझ्या लेकावर आलेलं मरण त्या झाडानं आपल्या अंगावर घेतलंय, मास्तर," बनाबाईनं काठी उंबऱ्यावर आपटली. "चहा मागनं. कुठलं झाड ते दाखवा चला. ह्येला पाणी घालायचं हाय त्येला, पालवी फुटस्तवर, रोज, स्वताच्या हातानं."